बोट ठेवून दाखवा

सोमवार, ९ जानेवारी

ताई,

चार वर्षांनी पत्र लिहितेय आणि मायन्यातच अडकलेय. आधी 'तीर्थरूप' लिहिलं, मग खोडलं. तुला माझे नमस्कार-चमत्कार नको असणार. तेव्हा सरळ कामाचं बोलते. मला एक छोटीशी गोष्ट विचारायची आहे. फोन केला असता, पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचलला असतास तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

आधी आज वर्गात काय झालं ते सांगते, नाहीतर तुला वाटेल हिला मध्येच हे काय सुचलं.

मी अजून तिसरीलाच शिकवते. यंदा आमच्या मोठ्या बाईंनी माहितीपर वाचन माझ्या गळ्यात मारलंय. गोष्ट दिली की ही पोरं घडाघडा वाचतात. माहितीचा उतारा दिला की वाचतात एक आणि सांगतात भलतंच. सप्टेंबरमध्ये उंटावरचा उतारा दिला होता. उंटाच्या कुबडात चरबी साठवलेली असते, असं त्यात चांगलं ठळक छापलेलं. सत्तावीसपैकी एकवीस जणांनी लिहिलं, पाणी. का, तर म्हणे, "बाई, आम्हाला आधीच माहीत होतं." ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्याला वाचायला शिकवणं म्हणजे डोकेफोड आहे.

म्हणून मी नियम केला. उत्तर दिलं की ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर ते उत्तर स्वतःच्या खिशात ठेवायचं. प्रत्येकाला तीन कार्डं दिलीत. हिरवं म्हणजे इथेच लिहिलंय. पिवळं म्हणजे दोन ठिकाणचं जोडून कळतं. लाल म्हणजे इथे नाहीच, कोणाला तरी विचारावं लागेल. लाल कार्ड वर करायला पोरांना आवडत नाही, त्यांना ती हार वाटते.

पुस्तकातले उतारे संपले तेव्हा म्हटलं, घरात असतात तसे खरे कागद द्यावेत. काल स्वयंपाकघरातला खालचा खण उपसला. मिक्सरची पुस्तिका, गिझरचं हमीपत्र, औषधांचे माहितीचे कागद, जे हाताला लागलं ते. मोठी शीर्षकं आहेत का, चित्रं आहेत का, तेवढं बघितलं आणि धडाधड पुठ्ठ्यांवर चिकटवले. मजकूर वाचला नाही.

आज त्यातला एक कागद 'चौकशी'च्या गटाला मिळाला. ती आठ वर्षांची आहे, दोन वेण्या, आणि प्रश्न विचारून जीव नकोसा करते, म्हणून सगळा वर्ग तिला चौकशी म्हणतो. तिने हिरवं कार्ड वर केलं. म्हणाली, "बाई, सापडलं. ही पट्टी अंगावर असताना शेक द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी नाही, गरम कपडा नाही. औषध एकदम जास्त अंगात जातं आणि श्वास मंद होतो. चित्र पण आहे, पिशवीवर फुली."

आणि त्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

मी टेबलाला धरून उभी राहिले. वर्गात कसला गलका चालला होता तो मला ऐकू येईनासा झाला. शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन म्हणाल्या, "अहो, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय." मी उपाशीपोटी आल्याचं सांगितलं. खोटं होतं, सकाळी चांगली भरपेट खाऊन निघाले होते.

तर माझा प्रश्न. बाबांच्या दुखण्यावरची ती कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी आपण दंडावर लावायचो की पाठीवर? सहज विचारतेय.

धाकटी

बुधवार, ११ जानेवारी

ताई,

परवाचं पत्र टाकलं आणि पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हाच वाटलं, हात घालून परत काढावं. सहज विचारतेय म्हणे. पट्टी पाठीवर होती, डाव्या खांद्याच्या खाली. मला पक्कं माहीत आहे. तू नाही म्हणावंस, दंडावर होती असं खोटं तरी लिहावंस, म्हणून विचारलं.

आता खरं लिहिते. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

तो रविवार होता. सकाळी तू पट्टी बदललीस आणि जेवणानंतर औषधाच्या दुकानात गेलीस. बाबा म्हणाले, पाठ गारठलीय गं. मी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळली आणि त्यांच्या पाठीशी लावली. डावीकडे. वर दोन पांघरुणं. ते म्हणाले, "बरं वाटलं." मला इतका आनंद झाला ताई. एवढ्या महिन्यांत त्यांना बरं वाटावं असं माझ्या हातून काहीच झालं नव्हतं, सगळं तूच करायचीस. ते झोपले आणि मी शेजारी बसून वह्या तपासत राहिले. ते फार हळू श्वास घेताहेत हे मी बघितलं होतं. मला वाटलं, चला, आज शांत झोप लागली.

तू आलीस. पांघरूण उचललंस. पिशवी ओढून काढलीस आणि मोरीत नेऊन रिकामी केलीस, मग डॉक्टरांना फोन केलास. मी ते दारातून बघत होते. बाप जातोय आणि ही पिशवी रिकामी करत बसलीय, असं माझ्या मनात आलं. नुसतं मनात आलं नाही, पुढे ते मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

डॉक्टरांनी विचारलं, "पट्टी कोणी लावली? जुनी काढली होती ना?" आणि मी लगेच तुझ्याकडे बोट केलं. आत्याही तोवर आली होती. तिच्यासमोर, शेजाऱ्यांसमोर मी काय बोलले ते तुला पाठ असेल. "हिला धड वाचता येत नाही. हिने एकावर एक दोन पट्ट्या लावल्या असतील. अडाणी हातात दिलं आणि बाबा गेले."

आई गेल्यावर तू सातवीतून शाळा सोडलीस आणि शिलाई मशीनवर बसलीस. माझी फी, माझी पुस्तकं त्या मशीनमधून निघाली. मी शिकले, आणि शिकून तुलाच अडाणी म्हटलं. लहानपणी तू बोट ठेवून एकेक अक्षर वाचायचीस तेव्हा मी हसायचे. आता तेच बोट मी सत्तावीस पोरांना शिकवते आणि मोठ्या बाई माझं कौतुक करतात.

आणखी एक आठवलं. बाबांना घरी आणलं त्या दिवशी तू तो कागद माझ्यापुढे धरला होतास. म्हणालीस, "हे एकदा तू पण वाचून घे." मी म्हटलं, "मी दिवसभर वाचायलाच शिकवते, तू मला नको सांगूस."

अक्षर लागलं नाही तर क्षमा कर. क्षमा हा शब्द इथे नुसता अक्षरापुरता वापरलाय. बाकीच्यासाठी वापरायचं धाडस अजून होत नाही.

धाकटी

बुधवार, १८ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. "पत्रं मिळाली. मुलांना शिकव. मागचं उकरू नकोस. गारठा आहे, स्वेटर घालत जा." चार वाक्यं. मी ती इतक्यांदा वाचली की आता कार्ड न बघता म्हणता येतात. 'पाठीवर' नाही, 'दंडावर' नाही, 'काय म्हणतेस' असंही नाही. म्हणजे माझ्या पत्रात तुला नवीन असं काहीच नव्हतं. तुला ठाऊक होतं. पिशवी मोरीत रिकामी करतानाच ठाऊक होतं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी जिन्यातच खाली बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा पिशव्या घेऊन मला ओलांडून गेले.

मग तू बोलली का नाहीस? एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं.

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. थकलेत आता. आधी त्यांना बाबा आठवेनात, मग आठवले. म्हणाले, "दिवस थोडेच उरले होते. कशाने गेले यावर आज बोट ठेवता येणार नाही." मी म्हटलं, पिशवीमुळे? ते चष्मा पुसत म्हणाले, "पिशवी नको होती." एवढंच. मी त्यांना विचारलं, दोन पट्ट्या होत्या का हो अंगावर? तर म्हणाले, "छे, एकच होती. मी तेव्हाच बघितलं." मी तेव्हा त्यांना बोलू दिलं नव्हतं, ताई. माझा आवाज मोठा होता ना.

वर्गात चौकशी पाठ सोडत नाही. तो कागद मी त्याच दिवशी काढून घेतला आणि कपाटात टाकला, ते तिने बघून ठेवलंय. आज मधल्या सुट्टीत डबा घेऊन टेबलापाशी आली.

"बाई, तो पट्टीचा कागद का काढून घेतला?"

"तो मोठ्यांचा होता. चुकून आला."

"पण त्यावर कोणीतरी आधीच वाचलेलं होतं. प्रत्येक ओळीपुढे निळी टिंबं होती. आणि पिशवीच्या चित्राला गोल."

मी म्हटलं, "असतील."

"आणि त्याच्या मागे काय होतं? तुम्हीच सांगता ना, कागद हातात आला की उलटून बघायचा. तुम्ही तर तो चिकटवून टाकला."

एवढीशी पोर आणि माझ्याच नियमाने मला उभी केली. कागद दवाखान्यातून मिळालेला होता, एका बाजूलाच छापलेला. मागे कोरा असणार, असं मी धरून चालले होते. उंटाच्या कुबडात पाणी असतं, तसंच.

तू उकरू नकोस म्हणतेस. पण निळी पेन्सिल आपल्या घरात एकाच माणसाकडे असायची. कापडावर खुणा करायची, कानामागे खोचलेली.

धाकटी

रविवार, २२ जानेवारी

ताई,

काल शाळा अर्धा दिवस होती. कपाटातून तो पुठ्ठा काढून घरी आणला. ओला कपडा लावून कडेपासून सोडवत गेले. मी पुठ्ठ्याला डिंक सढळ हाताने लावला होता, त्यामुळे दोन तास लागले. मधे एकदा कोपरा फाटला. तू शाईने लिहिलं असतंस तर सगळं वाहून गेलं असतं. पेन्सिल होती म्हणून राहिलं.

मागे तक्ता आहे. तुझ्या लाकडी पट्टीने आखलेला, रेघ कुठेही हललेली नाही. तारीख. वेळ. जुनी काढली. नवी लावली. कोणती जागा. शेरा. तीन तीन दिवसांच्या अंतराने एकवीस ओळी. प्रत्येक ओळीत 'काढली'पुढे टिंब, मगच 'लावली'पुढे टिंब. जागा दर वेळी वेगळी, उजवा दंड, छाती, पाठ डावी, पाठ उजवी, कारण एकाच जागी लावू नये असं कागदावर लिहिलेलं आहे. मी पुढची बाजू आणि मागची बाजू ताडून बघितली. छापलेली एकही सूचना तुझ्या हातून सुटलेली नाही. तिसरीच्या माझ्या वर्गात असतीस तर मी तुझा कागद सगळ्यांना फिरवून दाखवला असता.

शेऱ्याचा रकाना वीस ओळी रिकामा आहे. एकविसाव्या ओळीत, त्या रविवारच्या तारखेपुढे, तू लिहिलंयस:

'गरम पिशवी होती. धाकटीला सांगायचं नाही.'

मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते मला उचलता येईना. शेजारी रेडिओ चालू होता, कोणीतरी खाली गाडी धूत होतं, आणि मी तशीच बसले. रडूसुद्धा आलं नाही ताई. मला इतका धक्का बाबा गेले तेव्हाही बसला नव्हता. तेव्हा निदान ओरडायला तू समोर होतीस.

म्हणजे मी बाहेरच्या खोलीत तुझ्या नावाने गळा काढत होते आणि तू आत बसून हे लिहीत होतीस. पेन्सिलीला टोक केलेलं होतं, अक्षर बारीक आणि सरळ आहे. आणि मग तू कागदाची घडी घालून तो मिक्सरच्या पुस्तिकेत ठेवलास, बॅग भरलीस आणि गेलीस. जाताना मी तुला दारापर्यंत सोडायलाही आले नाही.

धाकटी

रविवार, २९ जानेवारी

ताई,

आज आत्याकडे जाऊन आले. आधी फोन करून सांगितलं होतं, सगळ्यांना घरी ठेव, मला वाचून दाखवायचंय. तिला वाटलं माझं लग्न ठरलं. तिची मुलं, सून, जावई, सगळे नीटनेटके कपडे घालून बसले होते. बशीत बिस्किटं मांडलेली होती.

मी कागद टेबलावर पसरला आणि आधी पुढची बाजू वाचली, मग मागची. बोट ठेवून, एकेक ओळ, सगळ्या एकवीस. मधेच सुनेने बाळाला उचललं आणि आत जायला निघाली, तर आत्या म्हणाली, "बस. ऐक." शेऱ्याची ओळ आली तेव्हा मी कागद पुढे सरकवला. ती आत्याच्या जावयाने वाचली.

आत्याने विचारलं, "मग चूक कोणाची गं?"

मी म्हटलं, "माझी. पिशवी मी लावली. तिने सगळं नीट केलं होतं. मी कागद वाचला नाही आणि तिला अडाणी म्हटलं."

बिस्किटांना कोणी हात लावला नाही. आत्या पदराशी चाळा करत म्हणाली, "पोरीच्या लग्नाला मी तिला बोलावलं नाही. तिच्या हातचं शिवलेलं सगळं वाटून टाकलं. आता हे सांगितलंस, आता मी तोंड कुठे लपवू?" मग माझ्यावर चिडली. अशी चिडली की मला बरं वाटलं. निघताना मात्र जिन्यापर्यंत आली आणि तुझा पत्ता मागून घेतला. तिचं पत्र येईल. अक्षर किरटं आहे, सांभाळून घे.

चौकशीलाही सांगितलं. सगळं नाही. म्हटलं, तू म्हणालीस म्हणून कागद उलटून बघितला, मागे लिहिलेलं होतं. तिने विचारलं, "महत्त्वाचं होतं?" मी हो म्हटलं. "मग तुम्हाला उत्तर सापडलं?" मी म्हटलं, एक सापडलं, पण एक प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर कागदात कुठेच नाही. तिने तिच्या दप्तरातलं लाल कार्ड काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मग हे घ्या. विचारावं लागेल."

ते कार्ड सोबत पाठवतेय. त्यावर माझा प्रश्न लिहिलाय. इथे पुन्हा लिहीत नाही, एकदाच लिहिताना पुरेवाट झाली. पोरीचं कार्ड आहे, तेवढं परत पाठव.

धाकटी

लाल कार्डाच्या एका बाजूला, निळ्या शाईत:

ताई, मी येऊ?

दुसऱ्या बाजूला, निळ्या पेन्सिलीने, प्रत्येक ओळीपुढे एक टिंब:

धाकटे,

तो शेरा तुझी दया येऊन लिहिला नव्हता. तू बाहेर ओरडत होतीस आणि माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. तोंड उघडू नये म्हणून मी मलाच लिहून ठेवलं.

मी तुला 'वाच' म्हणाले. 'गरम लावू नकोस' असं तोंडाने सांगितलं नाही. तेवढं माझं आहे. ते मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही.

बाबा 'बरं वाटलं' म्हणाले, हे मला ठाऊक नव्हतं. ते दोन शब्द मी मनाने त्या शेऱ्याच्या रकान्यात धरले आहेत.

तुला माफ केलं असं यातून वाचू नकोस. तसं इथे कुठेही लिहिलेलं नाही.

रविवारी माझं शिलाईचं दुकान बंद असतं. ये.